एकच पोते आणि दोन वयांच्या कोंबड्या : ब्रीडर मॅशचा सहा महिन्यांचा अनुभव

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या शेतावर पैदाशीच्या कोंबड्यांच्या दोन शेड आहेत. गेल्या एप्रिलपासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे २६ आठवडे, त्या दोन्ही शेडमध्ये मी एका कंपनीचे तयार ब्रीडर मॅश, म्हणजे पैदाशीच्या कोंबड्यांसाठीचे दळलेले खाद्य, वापरले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण काही तक्रारींवर आमचे बोलणे अजून चालू आहे. शिवाय पोत्यावरचे नाव कोणतेही असले तरी ते कसे तपासावे आणि त्याच्याकडून काय मागावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. आम्ही घरच्या इन्क्युबेटरमध्ये अंडी उबवून एक दिवसाची पिल्ले बचत गटाच्या बायांना आणि आसपासच्या शेतकऱ्यांना देतो, आणि उबवणीतून वगळलेली अंडी खाण्यासाठी विकतो. त्यामुळे अंड्याची प्रत आम्हाला दोन बाजूंनी पाहावी लागते : खाणाऱ्याच्या ताटात ते कसे दिसते आणि यंत्रात ठेवल्यावर २१ दिवसांनी त्यातून काय बाहेर येते.

सुरुवातीला धाकट्या शेडमध्ये २६ आठवड्यांच्या १२० तलंगा (नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबड्या) होत्या आणि थोरल्या शेडमध्ये ५२ आठवड्यांच्या १५० कोंबड्या. दोन्हीकडे जात एकच, गावरान रूपाची सुधारित. खाद्य बदलले आणि अंडी सुधारली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण त्याच काळात ऊन उतरलेले असते, पाणी बदललेले असते किंवा कळपाचे वय पुढे सरकलेले असते. म्हणून मी प्रत्येक शेडमध्ये मधोमध जाळी ताणली. एका बाजूला नवे मॅश दिले आणि दुसऱ्या बाजूला आमचे नेहमीचे घरगुती मिश्रण तसेच चालू ठेवले. त्यात मका, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड), तांदळाचा कोंडा, चुनखडी पूड आणि मिनरल मिक्श्चर असते. दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण चारही गटांत सारखे ठेवले. कूलर तोच, विहीर तीच, अंडी गोळा करणारी माणसेही तीच. त्यामुळे एका शेडच्या दोन बाजूंत जो फरक दिसला तो खाद्याचा, आणि एकाच खाद्यावरच्या दोन शेडमध्ये जो फरक दिसला तो बहुतांशी वयाचा, असे मी बऱ्याच विश्वासाने म्हणू शकते.

प्रथम पोत्याविषयी. शिवणीवर तारखेची चिठ्ठी होती आणि ती ताजी होती, ही गोष्ट मी सर्वात वर ठेवते. प्रिमिक्स म्हणजे खाद्यात घालायचे जीवनसत्त्वांचे मिश्रण; त्यातली जीवनसत्त्वे उष्णतेत आणि दमट हवेत झपाट्याने क्षीण होतात. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात दोन महिने पडून राहिलेले पोते वरून अगदी धड दिसते आणि आतून निम्मे निकामी झालेले असते. मॅश हातात घेतल्यावर मक्याचा वास स्वच्छ आला, बुरशीचा कुबट वास नव्हता. मात्र पिठाच्या चाळणीतून मूठभर चाळले तेव्हा चुनखडी जवळजवळ सगळीच पुडीच्या रूपात खाली उतरली, वर खडे राहिलेच नाहीत. पहिल्याच दिवशी मी वहीत त्याची नोंद केली होती आणि पुढे तेच या खाद्याचे सर्वात मोठे उणे ठरले.

बलकाच्या बाबतीत या मॅशने मला खरा दिलासा दिला. आमचा सगळा भाग कापसाचा. हिंगणघाटच्या बाजारात कापूस येतो तशी सरकीची ढेपही मुबलक मिळते, आणि गुरांसाठी उत्तम असलेली ही ढेप स्वस्त पडते म्हणून कोंबडीच्या खाद्यातही शिरते. मागच्या वर्षी मी जवळच्या एका गिरणीतून तयार खाद्य घेतले होते. दोन आठवड्यांनी एका खानावळवाल्याने पाच ट्रे परत पाठवले. मी त्यातले एक अंडे बशीत फोडले, तर बलक पिवळ्याऐवजी शेवाळासारखा हिरवट-तपकिरी आणि भोवतीच्या पांढऱ्यात फिकट गुलाबी झाक. सरकीतले गॉसिपॉल नावाचे द्रव्य बलकातल्या लोहाशी जुळते आणि असा रंग येतो. सरकीच्या तेलातली काही विशिष्ट मेदाम्ले पांढऱ्याला गुलाबी करतात. ताजे अंडे फोडले तर हा दोष कधी कधी दिसतही नाही, अंडी काही दिवस साठवली की तो वर येतो. म्हणून विकणारा निर्धास्त असतो आणि घेणारा फसतो. या नव्या मॅशमध्ये ढेप नाही, असे कंपनीने सांगितले होते. मी दर पंधरवड्याला काही अंडी आठवडाभर ठेवून मग फोडत गेले आणि सहा महिन्यांत एकदाही तो रंग दिसला नाही.

रंगाबद्दल आणखी एक गोष्ट आमच्याकडे नीट समजून घेतली जात नाही. बलकाचा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही; मका, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या यांतून जेवढे रंगद्रव्य पोटात जाते तेवढेच बलकात उतरते. ज्वारीवर वाढवलेल्या कोंबडीचा बलक फिकट असतो तो याच कारणाने. त्यात तिचा अशक्तपणा शोधू नये. खाद्य बदलल्यापासून दीड-दोन आठवड्यांत नवा रंग स्थिरावतो. या मॅशवर दोन्ही शेडमधले बलक सारखेच गडद झाले, वयाचा फरक येथे मला जाणवला नाही. वयानुसार बलक बदलतो तो आकाराने : जुन्या कोंबडीच्या अंड्यात बलकाचा वाटा मोठा आणि पांढऱ्याचा त्या मानाने कमी.

पांढऱ्याच्या बाबतीत मात्र खाद्याने काही साधले नाही, आणि तसे साधेल अशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे आहे. मी काचेचा तुकडा समतल ठेवून त्यावर त्याच दिवशीची अंडी शेजारी शेजारी फोडत असे. तलंगेचे अंडे फोडले की बलकाभोवतीचा घट्ट पांढरा घुमटासारखा उभा राहायचा आणि त्याची कड स्पष्ट दिसायची. थोरल्या शेडमधल्या अंड्याचा पांढरा काचेवर पसरायचा, बलक सपाट व्हायचा, आणि जाळीच्या अलीकडचे व पलीकडचे अंडे यांत मला फरक ओळखता येत नसे. प्रयोगशाळेत हीच गोष्ट हॉ एककात मोजतात. घट्ट पांढऱ्याची उंची आणि अंड्याचे वजन यांवरून ते काढायची पद्धत १९३७ साली रेमंड हॉ यांनी सुचवली, आणि ७२ च्या वरचे अंडे अमेरिकेत सर्वात वरच्या प्रतीत धरतात. ही उंची ठरते ती मुख्यतः कोंबडीची जात, तिचे वय आणि अंडे किती दिवस व किती तापमानात ठेवले यांवरून. खाद्यामुळे ती बिघडू शकते, विशेषतः हलक्या प्रतीच्या डीसीपीतून (फॉस्फरससाठी घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट) व्हॅनेडियम हा धातू गेला तर पांढरा पाणचट होतो. पण चांगल्या खाद्याने उतारवयातल्या कोंबडीचा पांढरा पुन्हा तरुण होत नाही. पोत्यासोबत मिळालेल्या पत्रकात ‘शेवटपर्यंत तरुण कोंबडीसारखे अंडे’ असे छापले आहे. ते वाक्य कंपनीने काढून टाकावे, असे मी त्यांना लिहून कळवले आहे.

आता टरफलाकडे येते, कारण आमचे सर्वाधिक नुकसान तेथेच होते. एका अंड्याच्या टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि ते टरफल चढायला १८ ते २० तास लागतात. त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो, कोंबडी दांडीवर झोपलेली असते तेव्हाचा. त्या वेळी पोटात चुनखडी शिल्लक नसेल तर ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून अंड्याला देते. चुनखडीची पूड लवकर विरघळून पुढे निघून जाते. दोन ते चार मिलिमीटरचे खडे किंवा शिंपल्याची चुरी मात्र पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) रेंगाळून रात्रभर थोडी थोडी विरघळत राहते. तलंगेच्या आतड्याची शोषण्याची शक्ती चांगली असते, हाडांतला साठाही भरलेला असतो, त्यामुळे पुडीवरही तिचे भागते. जुन्या कोंबडीचे भागत नाही. तिची शोषणशक्ती उतरलेली असते आणि तिचे अंडे मोठे झालेले असते, मात्र टरफलासाठी मिळणारा माल त्या प्रमाणात वाढत नाही. थोड्या चुन्यात मोठी भिंत सारवावी तसे ते पातळ चढते. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर परसात कोंबड्या पाळल्या. थोरल्या शेडमधली अंडी ट्रेमध्ये लावताना त्या म्हणाल्या, ‘‘जुन्या कोंबडीचं अंडं मोठं दिसते बाई, पन जीव पातळ असते त्याचा.’’

धाकट्या शेडमध्ये नव्या मॅशवरची टरफले घरगुती मिश्रणापेक्षा थोडी बरी होती, एवढेच म्हणता येईल. थोरल्या शेडमध्ये पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. मिठाच्या पाण्यात अंडी सोडून पाहण्याची जुनी पद्धत आहे : विशिष्ट गुरुत्व १.०८० असलेल्या पाण्यात जाड टरफलाचे ताजे अंडे बुडते आणि पातळ टरफलाचे तरंगते. जाळीच्या दोन्ही बाजूंची अंडी सारखीच तरंगत होती. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी दोन्ही शेडमध्ये मॅशच्या बाजूला रोज संध्याकाळी साडेचार-पाचच्या सुमारास शिंपल्याची जाड चुरी वेगळ्या डब्यात ठेवू लागले. जुन्या कोंबड्या त्या डब्यावर तुटून पडायच्या आणि त्याच शेडमधले नर तिकडे फिरकतही नसत. आपल्याला काय हवे ते कोंबडीला कळते, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. तीन आठवड्यांत तडे गेलेली अंडी स्पष्टपणे कमी झाली. श्रेय मात्र चुरीचे. मॅशमध्ये ती आधीच असती तर ते मॅशला मिळाले असते. उत्पादकाने चुनखडीचा निदान निम्मा भाग खड्यांच्या रूपात घालावा, ही माझी पहिली मागणी आहे आणि ती महाग नाही.

उन्हाळ्याचा हिशेब येथेच मांडणे रास्त होईल. वैदर्भीय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कोंबडी चोच उघडून धापा टाकते. धाप लागली की तिच्या शरीरातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्तातले बायकार्बोनेट घटते आणि टरफलाला लागणारे कार्बोनेटच कमी पडते. शिवाय ती खातेही कमी. अशा दिवसांत खाद्यातले कॅल्शियम कितीही मोजून घातले तरी टरफल पातळ येणारच. म्हणून मे महिन्यातल्या तडकलेल्या अंड्यांचा दोष मी या मॅशला देत नाही. पहाटे चारला दिवा लावून पहिले खाद्य देणे आणि दुपारी पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालणे, या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो चारही गटांत सारखाच पडला.

उबवणीत या खाद्याने आपली किंमत वसूल करून दिली, तीही विशेषतः धाकट्या शेडमध्ये. खाण्याच्या अंड्यासाठी जे खाद्य पुरते ते पैदाशीच्या अंड्याला पुरत नाही, कारण पिल्लाला २१ दिवस लागणारे सगळे काही आईने आधीच अंड्यात भरून ठेवावे लागते. रायबोफ्लेविन कमी पडले तर कोंबडी तितकीच अंडी देत राहते, तिच्याकडे पाहून काही कळत नाही, पण काही दिवसांतच उबवण घसरते आणि न फुटलेल्या अंड्यांत गाठी आल्यासारखी पिसे असलेली मेलेली पिल्ले सापडतात. मँगेनीज कमी असेल तर पाय आखूड आणि चोच पोपटासारखी वळलेली. जीवनसत्त्व ई कमी असेल तर पहिल्या काही दिवसांतच गर्भ मरतो, आणि नरांचेही बळ घटते. आमच्या घरगुती मिश्रणात साधे लेअरचे, म्हणजे खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे, प्रिमिक्स होते, आणि गाठीच्या पिसांची पिल्ले मला अधूनमधून दिसत. मी ती नशिबावर सोडून देत होते, याचे आता वाईट वाटते. नव्या मॅशच्या बाजूला दुसऱ्या महिन्यापासून अशी पिल्ले दिसली नाहीत. उबवलेल्या प्रत्येक ट्रेमागे धाकट्या शेडमध्ये दोन-तीन पिल्ले अधिक हाती येऊ लागली आणि पायांवर उभी राहायला त्यांना कमी वेळ लागला.

थोरल्या शेडमध्येही सुधारणा झाली, पण लहान, आणि तिचे कारण समजायला मला वेळ लागला. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी पाहिल्यावर जी कोरी दिसत ती मी सरसकट ‘फलित नाहीत’ म्हणून बाजूला ठेवत होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी ती फोडून पाहायला सांगितले. अफलित अंड्यात बलकावर लहानसा घट्ट पांढरा ठिपका असतो. फलित होऊन लवकर मेलेल्या अंड्यात तेथे मोठे, पसरट, दुधाळ वर्तुळ किंवा रक्ताची कडी दिसते. थोरल्या शेडमधली निम्म्याहून अधिक कोरी अंडी दुसऱ्या प्रकारची निघाली. म्हणजे नर काम करत होते, गर्भ धरत होता आणि सुरुवातीलाच मरत होता. जुन्या कोंबडीचा पांढरा पातळ, टरफलाची छिद्रे मोकळी, त्यामुळे अंड्यातला ओलावा लवकर उडतो आणि साठवणीचा ताण तिच्या अंड्याला अधिक सोसावा लागतो. मी दोन्ही शेडची अंडी सात दिवस साठवून एकत्र यंत्रात ठेवत होते. आता थोरल्या शेडची तीन-चार दिवसांत ठेवते, आणि उन्हाळ्यात अंडी १८ अंशांच्या खाली ठेवण्यासाठी जुना फ्रीज दुरुस्त करून त्याचे तापमान बांधून घेतले, कारण २०-२१ अंशांच्या वर गर्भ अर्धवट जागा होतो आणि मग धड वाढतही नाही, धड थांबतही नाही. या बदलाने जे मिळाले ते खाद्याने कधीच मिळाले नसते.

उलट तलंगांच्या सुरुवातीच्या अंड्यांचाही एक दोष आहे, तो खाद्यावर ढकलू नये. अंडे लहान तर पिल्लू लहान. पिल्लाचे वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश भरते. पहिल्या काही आठवड्यांतली अंडी मी खाण्यासाठीच दिली, कारण ४५ ग्रॅमच्या अंड्यातून निघालेले नाजूक पिल्लू एखाद्या बाईच्या पदरात टाकून पैसे घेणे मला पटत नाही.

कंपनीवरचा माझा मुख्य आक्षेप एकाच पोत्याचा आहे. तलंगेला अंड्याचा आकार वाढवायचा असतो, तेव्हा मेथिओनिन हे अमिनो आम्ल आणि सोयाबीन-मक्याच्या तेलातले लिनोलिक आम्ल भरपूर लागते. ६० आठवड्यांच्या पुढे हेच दोन घटक तितकेच दिले तर अंडे आणखी मोठे होते, टरफल आणखी ताणले जाते आणि उबवण आणखी उतरते. तेथे ते बेताने कमी करून कॅल्शियम वाढवायला हवे आणि फॉस्फरस आटोक्यात ठेवायला हवा. नरांना तर कॅल्शियम फारच कमी पुरते, त्यांची खाद्याची भांडी उंच टांगून वेगळी ठेवणे बरे. हे मी विक्रेत्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘ताई, ब्रीडर म्हणजे ब्रीडर, वयाचं काही नसते.’’ असते. कंपनीच्या तांत्रिक माणसाने नंतर फोनवर मान्यही केले की वयानुसार दोन प्रकार करता येतील, पण आमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकांसाठी ते परवडत नाहीत. मला हे उत्तर प्रामाणिक वाटले. मग पोत्यावर निदान ‘४५ आठवड्यांपर्यंत’ असे तरी छापावे.

पुरवठ्याबद्दल थोडक्यात : श्रावणात आलेल्या खेपेतल्या दोन पोत्यांत ओल लागून गोळे झाले होते. बुरशीचा मका पैदाशीच्या कळपाला देणे म्हणजे यकृत आणि उबवण दोन्ही पणाला लावणे, म्हणून मी ती उघडताच परत केली आणि चार दिवसांत बदलून मिळाली. भाव घरगुती मिश्रणापेक्षा बराच जास्त आहे. धाकट्या शेडमध्ये वाढलेल्या पिल्लांतून तो निघतो, थोरल्यात निघत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर तरुण कळपासाठी मी चार देते आणि जुन्या कळपासाठी अडीच, आणि हे दोन आकडे एकत्र करून सरासरी काढणे मला योग्य वाटत नाही. दसऱ्याला धाकट्या शेडमधल्या तलंगा ५२ आठवड्यांच्या झाल्या, म्हणजे एप्रिलमध्ये थोरल्या शेडचे जे वय होते ते त्यांनी गाठले. त्या दिवशी मी त्यांचे एक अंडे त्याच काचेवर फोडले. सहा महिन्यांपूर्वीचा घुमट खाली बसला होता, बलक गडद आणि स्वच्छ होता, आणि टरफल अंगठ्याखाली टणक लागत होते; त्यांना जूनपासूनच शिंपल्याची चुरी मिळत आली आहे, आणि ऋतूही थंडीकडे झुकला आहे. दिवाळीनंतर थोरली शेड रिकामी करणार आहे. तेथे येणाऱ्या नव्या तलंगांसाठी हेच मॅश सांगून ठेवले आहे, ४५ आठवड्यांपर्यंत, आणि चुरीचे पोते त्याच्यासोबत.